जीपचं छप्पर, साहेबांचा पंखा आणि ड्रायव्हरचा घाम

मंडळी, पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. दुपारी कुलरसमोर बसून वाचलीत तर विषय आणखी चांगला कळेल.

१ ऑक्टोबर २०२५ पासून कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. केंद्राची अधिसूचना डिसेंबर २०२३ ची. तिच्यात एन-२ आणि एन-३ असे दोन वर्ग आहेत, म्हणजे साडेतीन टनांच्या वरच्या मालगाड्या. निर्णय चांगलाच आहे, उशिरा का होईना झाला. पण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळ्यात खरी कुत्तरओढ होते ती साडेतीन टनांच्या खालच्या गाड्यांची. वनखात्याच्या जुन्या जीपा, पंचायत समितीच्या कंत्राटी बोलेरो, गावोगाव फिरणारी लसीकरणाची गाडी, खाणीच्या कच्च्या रस्त्यावरची पिकअप, जिवती-कोरपन्याकडच्या काळीपिवळ्या. डांबर संपल्यावर यांचं काम सुरू होतं. या गाड्यांच्या केबिनमधल्या उष्म्याचा कायद्यात कुठे उल्लेख नाही. तो उष्मा केबिनमध्ये आला कधी आणि कसा, त्याच्याशी लोक कसे लढले, आणि गारवा कुणाच्या वाट्याला आला, हे आज लिहितोय.

सुरुवात जीपच्या आधीपासून करतो. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. गोरा साहेब दौरा करायचा तो हिवाळ्यात. घोडा, बैलगाड्या, तंबू, खानसामा असा सगळा लवाजमा दिवाळीनंतर निघायचा आणि ऊन तापायच्या आत परत फिरायचा. उन्हाळ्यात प्रांताचं सरकारच पचमढीला जाऊन बसायचं. वऱ्हाडच्या साहेबांना चिखलदरा. म्हणजे उन्हावरचा त्यांचा उपाय सरळ होता, उन्हात जायचंच नाही. मुक्कामाच्या बंगल्यात पंखा ओढायला माणूस आणि दारंखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या. त्या ताट्यांवर पाणी मारणारा माणूस मात्र बाहेर, उन्हात.

रेल्वेलाही हीच युक्ती लावली होती. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पणजोबाने, १८७० च्या दशकात पहिल्या वर्गाच्या डब्यांत ओल्या वाळ्यातून हवा आत घेण्याची सोय केली. पुढे १९३४ साली फ्रंटियर मेलला डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवून थंड केलेला डबा लागला. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला अर्थातच खिडकी होती आणि खिडकीला गज.

मग जीप आली. अमेरिकन लष्कराला १९४० मध्ये घाईने एक हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बॅंटम, विलीज आणि फोर्ड या तीन कंपन्यांच्या हातून ती घडली आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीपा बनल्या. त्या गाडीला केबिन असा प्रकारच नव्हता. वजन कमी ठेवायचं म्हणून दारं नाहीत, टप नाही. वर कापडी हूड, तेही काढून ठेवता येणारं. समोरची काच पुढे बॉनेटवर आडवी पाडता यायची. उष्म्याचा विचार केला होता तो इंजिनच्या, माणसाच्या नाही.

उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात याची परीक्षा झाली. राल्फ बॅगनॉल्ड नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने युद्धाच्या आधीच, हौस म्हणून, लिबियाच्या वाळवंटात मोटारी घातल्या होत्या. रेडिएटरचं पाणी उकळून वाफ होऊन जातं, ती वाफ नळीने एका डब्यात सोडायची, तिथे तिचं परत पाणी होतं आणि गाडी थंड झाली की ते रेडिएटरमध्ये ओढलं जातं. ही त्याची शक्कल. १९४० मध्ये त्याने लष्करासाठी लांब पल्ल्याची वाळवंटी तुकडी उभी केली, तेव्हा ट्रकांची छपरं, दारं, काचा सगळं काढून टाकलं. आजही जीपचे शौकीन म्हणतात ना, उघडी गाडी म्हणजे गार गाडी. त्याचं मूळ इथे कुठेतरी आहे.

पण उघडी गाडी गार असते हे अर्धसत्य आहे, आणि आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला ते माहीत आहे. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश. वारा त्याहून थंड असेल तर तो अंगातली उष्णता घेऊन जातो. वारा ४५ अंशांचा असेल तर तो उलट उष्णता देतो, वाचवतो फक्त घाम. घाम वाळला, पाणी संपलं, की तोच वारा भट्टीसमोर उभं केल्यासारखा भाजतो. म्हणून मे महिन्यात दुपारी बारानंतर आपल्याकडचा ड्रायव्हर काच पूर्ण खाली करत नाही, चार बोटं उघडी ठेवतो. आणि डोक्या-तोंडाला ओला दुपट्टा गुंडाळतो. बाहेरचा माणूस याला हसतो. हसू द्या, पहिला दिवस गेला की तोही दुपट्टा मागतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलीज जीप भारतात आणली. सुटे भाग यायचे आणि मुंबईत माझगावला जुळणी व्हायची. पुढे उंच बॉनेटचं सीजे-३बी हे मॉडेल आलं आणि ते आपल्याकडे काही दशकं बनत राहिलं. जुन्या फोटोत, जुन्या सिनेमात जी सरकारी जीप दिसते ती बहुतेक हीच. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. गिअरबॉक्स दोन्ही सीटच्या मधोमध, पातळ पत्र्याच्या खाली. पायाशी इंजिनची भिंत. म्हणजे वरून सूर्य, समोरून लू आणि खालून गाडी स्वतः. ड्रायव्हरचा डावा पाय गिअरबॉक्सला चिकटून भाजायचा. त्यावर उपाय म्हणजे गोणपाटाची घडी.

२ ऑक्टोबर १९५२ ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि जीप विकासाची गाडी झाली. आपल्याकडे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, गटविकास अधिकारी आले, त्यांच्या दाराशी जीप आली. आरोग्य केंद्रांना युनिसेफकडून गाड्या मिळाल्या. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलली गेलेली घटना ही आहे. दौऱ्याचा हिवाळा संपला. टंचाई एप्रिल-मे मध्येच येते, टँकर तेव्हाच लावावे लागतात, रोजगार हमीची कामं तेव्हाच तपासावी लागतात. १९७२ च्या दुष्काळात तर अधिकारी अख्खा उन्हाळा रस्त्यावर होते. लोकांसाठी हे चांगलंच झालं, गोऱ्या साहेबासारखा देशी साहेब पचमढीला पळाला नाही. पण गाडी तीच राहिली, बिनकेबिनची. आणि गडचिरोली वेगळा होईपर्यंत, म्हणजे १९८२ पर्यंत, आपला जिल्हा केवढा होता ते आठवा. चंद्रपूरहून सिरोंचाला जीपने जाऊन यायचं म्हणजे काय, हे त्या काळातल्या एखाद्या निवृत्त ड्रायव्हरकाकांना विचारा. सांगतील ते ऐकून तुमच्याच घशाला कोरड पडेल.

मग लोकांनी आपली अक्कल लावली. छागल आठवते का कुणाला? जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी, गाडीच्या बाजूला किंवा पुढे बंपरला लटकवलेली. कापडातून पाणी पाझरतं, वाऱ्याने त्याची वाफ होते, आतलं पाणी गार राहतं. माठाचंच तत्त्व, फक्त फुटत नाही. हूडवर ओलं गोणपाट टाकणं हाही त्याच घराण्यातला उपाय. कापडी हूड भिजलं की आतली हवा खरंच उतरायची. काहीजण मागच्या बाजूला वाळ्याचा पडदा बांधायचे, त्यावर गडवाभर पाणी, आणि गाडीच्या वेगाने येणारा वारा वासाचा आणि गार. अमेरिकेतही १९४०-५० च्या काळात वाळवंट ओलांडणाऱ्या मोटारींच्या खिडकीला पिंपासारखा एक कुलर अडकवलेला असायचा, आत ओली जाळी, बाकी सगळा वारा. आपल्या घराच्या खिडकीतला कुलर तोच.

हे सगळं विदर्भात चालतं कारण आपली हवा कोरडी. कोकणातल्या पाव्हण्याला हा उपाय सांगू नका, तिथे नुसता दमटपणा वाढेल. पाण्याची वाफ व्हायला हवेत जागा लागते. मे महिन्यात आपल्याकडे ती भरपूर असते, मृगाचा पहिला पाऊस पडला की तीच ताटी निरुपयोगी.

आता एक दुसरी गाडी बघू. इंग्लंडात १९४८ मध्ये लँड रोव्हर आली, ॲल्युमिनियमच्या अंगाची. ती जायची आफ्रिकेत, अरबस्तानात, ऑस्ट्रेलियात. म्हणून १९५० च्या दशकात तिच्या बंद टपाच्या गाडीला त्यांनी दुहेरी छप्पर दिलं. मूळ टपाच्या वर थोडी फट सोडून दुसरा पत्रा. ऊन वरच्या पत्र्यावर पडतं, मधून वारा वाहतो, खालचा पत्रा सावलीतच राहतो. त्याला ते उष्णकटिबंधाचं छप्पर म्हणायचे. शिवाय समोरच्या काचेच्या खाली दोन झडपा, आतून उघडता येणाऱ्या. गाडी चालली की त्यातून हवा जोराने आत येते. याचा एक फायदा लवकर लक्षात येत नाही. आत हवेचा दाब वाढला की मागच्या फटींतून धूळ आत शिरत नाही. आपल्या जीपचं नेमकं उलटं होतं. मागून पडदा उघडा ठेवला की गाडीच्या मागे तयार होणारी पोकळी रस्त्याची सगळी धूळ आत ओढून घ्यायची. पडदा लावला की उकडून मरा, उघडला की धूळ खा. घुग्घुसकडच्या कोळशाच्या रस्त्यावर तर चेहरा ओळखू यायचा नाही.

दुहेरी छपरात काही मोठं विज्ञान नाही. आपल्या कवेलूच्या घरात लाकडी पाटण आणि कवेलू यांच्यामध्ये हवा खेळते, तेच ते. आकडा सांगतो. भर दुपारी एका चौरस मीटरवर सूर्य जवळपास १००० वॉट ओततो. जीपच्या टपाचं क्षेत्रफळ तीन चौरस मीटर धरा. म्हणजे डोक्यावर एक मोठा गिझर चालू ठेवून बसल्यासारखं. रंग पांढरा असेल तर यातला बराच भाग परत जातो, गडद असेल तर आत येतो. अमेरिकेत दोन एकसारख्या मोटारी, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात ठेवून मोजलं तेव्हा चंदेरी गाडीच्या आतली हवा पाच-सहा अंशांनी कमी निघाली. फक्त रंगाने! लँड रोव्हरचं छप्पर पांढरट का असायचं, हे आता वेगळं सांगायला नको. आपल्याकडे पोलीस निळं, वनखातं हिरवं, टप काय आणि बॉनेट काय सगळं एकाच डब्यातून.

आपल्याकडे दुहेरी छप्पर कंपनीने दिलं नाही, लोकांनी बनवलं. टपावर कॅरिअर, कॅरिअरवर फळ्या किंवा ताडपत्री, त्यावर सामान. काळीपिवळीवर तुम्ही हे रोज बघता. माल नसला तरी ताडपत्री तशीच राहू देणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. विचारलं तर म्हणतात, "राहू द्या ना भाऊ, खाली जरा बरं वाटते."

काळीपिवळीचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. कमांडर, मार्शल, मॅक्स, ट्रॅक्स या लांब जीपांनी एसटी न पोचणाऱ्या गावांना रस्ता दिला. पत्र्याचा टप, नाहीतर कापडाचा, आणि आत माणसं किती ते विचारू नका. शांत बसलेला एक माणूससुद्धा सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. पंधरा माणसं म्हणजे दीड हजार वॉट, टपावरच्या उन्हाच्या अर्धी उष्णता आतूनच. त्यात ड्रायव्हर अर्ध्या सीटवर, अर्धा दाराबाहेर. त्याला बिचाऱ्याला निदान वारा तरी लागायचा.

एसी या सगळ्यात फार उशिरा आला. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये तो दिला होता. आपल्याकडे तो सामान्यांच्या नजरेत आला मारुती ८०० बरोबर, १९८० च्या दशकात. उंच, दणकट गाड्यांत १९९४ ची सुमो, १९९८ ची सफारी, २००० ची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ असा क्रम लागतो. (सुमो हे नाव जपानी मल्लाचं नव्हे, टाटा मोटर्सचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातलं, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो.) जुन्या जीपेला बाहेरून एसी बसवायचे प्रयोगही झाले. पण एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच जिवावर चालतो, चार-पाच अश्वशक्ती सहज खातो. साठ-सत्तर अश्वशक्तीच्या गाडीला घाटात ते झेपत नाही. काटा लाल रेषेकडे गेला की ड्रायव्हर आधी एसी बंद करतो. तरी नाही उतरला तर काही पठ्ठे हीटर चालू करतात, म्हणजे इंजिनची उष्णता केबिनमध्ये घ्यायची आणि इंजिन वाचवायचं. बॅगनॉल्डच्या वाळवंटातही प्राधान्य हेच होतं, आधी गाडी, मग माणूस.

आणि इथेच माझं दुखणं आहे. एसी आल्यावर गारव्याचा हिशेब बदलला. कापडी हूडाच्या जीपमध्ये साहेब आणि ड्रायव्हर एकाच उन्हात होते. साहेबांच्या सीटवर पांढरा टॉवेल असायचा, डॅशबोर्डवर छोटा पंखा त्यांच्याकडे वळवलेला असायचा, एवढाच फरक. (सरकारी गाडीतला तो टॉवेल रेक्झिनवर घामाने पाठ चिकटू नये म्हणून आला, असं माझं मत. आता एसीतही तो आहेच, मानाचा म्हणून.) आज गाडी चालू आहे तोवर दोघंही गारव्यात. पण साहेब बैठकीला आत गेले की इंजिन बंद, डिझेलचा हिशेब द्यायचा असतो. दोन तास, तीन तास ड्रायव्हर त्याच गाडीत, कारण वायरलेस, फायली, बॅगा सोडून जाता येत नाही.

बंद गाडी किती तापते हे नीट मोजलेलं आहे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढतं, आणि त्यातली ८० टक्के चढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. बाहेर ४३ असेल तर आत ६० च्या पुढे. गाडीत लहान मूल "दोन मिनिटं" सोडून जाणाऱ्यांनीही हा आकडा लिहून ठेवावा.

काचेच्या फिल्मचं थोडक्यात. मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत यायला हवा. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वरून फिल्म चिकटवण्यावरच बंदी आणली, गुन्हेगारीचा विचार करून. झेड आणि झेड प्लस सुरक्षेच्या लोकांना सूट राहिली. गुन्ह्याचं कारण मला पटतं. पण उजेड अडवणं आणि उष्णता अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजेड येऊ देऊन उष्णता बरीचशी परतवणारी काच आज मिळते, ती महागड्या गाड्यांत कंपनीच बसवते. स्वस्त गाडीवाल्याला पडदा आणि चलान.

ताडोबाच्या उघड्या जिप्सींचं वेगळंच. १९८५ ला आलेल्या जिप्सीत एसी नव्हता आणि सफारीत टपच नसतो, त्यामुळे प्रश्नच मिटला. पर्यटक तीन-चार तास बसतो, फोटो काढतो, रिसॉर्टच्या एसीत जातो. ड्रायव्हर आणि गाईड दुपारच्या फेरीला परत त्याच तापलेल्या सीटवर. उन्हाळा हाच वाघ दिसण्याचा हंगाम, त्यामुळे सुट्टी मागायची सोय नाही.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा कायदा झाला. त्यात कामाचे तास आले, विश्रांतीची खोली आली, उपाहारगृह आणि गणवेश आला. केबिनमधल्या तापमानाचा शब्द नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला, मग इतर शहरांनी केले, पण त्यातही रस्त्यावरचा मजूर दिसतो, स्टिअरिंगमागचा दिसत नाही.

आता मागणी. मी नव्या गाड्या मागत नाहीये. सरकारी आणि कंत्राटी गाड्यांचे टप पांढरे करा, एका गाडीला रंगाचा एक डबा पुरतो. कॅरिअरवर पत्र्याचं दुसरं छप्पर लावा, वेल्डिंगवाला एका दिवसात करून देईल. गिअरबॉक्सवर आणि पायाखाली जाड फेल्ट टाका. तहसील, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या आवारात गाड्यांसाठी शेड आणि ड्रायव्हरसाठी पंखा, पाणी असलेली एक खोली द्या. पेव्हर ब्लॉक बसवताना जी कडूलिंबाची झाडं तोडली ती असती तर शेडचीही गरज पडली नसती, पण ते जाऊ द्या. आणि कंत्राटाच्या निविदेत वाहन वातानुकूलित असावं असं लिहिलं असेल, तर ते दर एप्रिलमध्ये तपासा. गॅस संपलेला एसी हा नुसता पंखा असतो, बिल मात्र एसीचं निघतं.

या शेवटच्या मुद्द्यावर मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. भाड्याने घेतलेल्या किती गाड्यांच्या करारात एसीची अट आहे, किती गाड्यांचा एसी उन्हाळ्याआधी तपासला, आणि ड्रायव्हरना बसायला जागा कुठे कुठे आहे, एवढे तीनच प्रश्न. तुमच्यापैकी कुणी अशा गाडीवर ड्युटीला असाल, तर इनबॉक्समध्ये फक्त गाडीचा प्रकार, खातं आणि एसी चालतो की नाही एवढं कळवा. नाव, गाडीचा नंबर देऊ नका, मलाही नको.